दुनळी घासण्याआधी

भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी वाड्यांत आणि वऱ्हाडातल्या पाटील-देशमुखांच्या घरांत आजही कुठे कुठे आजोबा-पणजोबांच्या काळातली, बाहेरून दिसणाऱ्या दोन घोड्यांची, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या हातोड्यांची, दुनळी बंदूक असते. वर्षानुवर्षं कोणी तिला हात लावलेला नसतो. मग घरातल्या एखाद्या हौशी माणसाला ती चकचकीत करावीशी वाटते आणि पॉलिश पेपर आणला जातो. त्या एका दुपारी जे नुकसान होतं ते कितीतरी पावसाळ्यांनी मिळूनही केलेलं नसतं. अशा बंदुकीची जवळजवळ सगळी माहिती तिच्या पृष्ठभागावर असते आणि घासकाम नेमकं तेच पुसून टाकतं. म्हणून आधी ओळख, मग साफसफाई. हा क्रम उलटला की बंदुकीचा इतिहास परत मिळत नाही.

त्याही आधी कायदा. बंदूक जुनी आहे एवढ्यावर परवान्यातून सूट मिळत नाही. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची भरमारसुद्धा त्याला अपवाद नाही. परवानाधारक वारला असेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करायचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. त्यामुळे गावातल्या लोहाराकडे, तो कितीही कुशल असला तरी, ही बंदूक नेऊ नये.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून जाणकाराने नळ्या उतरवल्या की त्यांच्या मागच्या टोकाशी, खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. हीच बंदुकीची जन्मपत्रिका. युरोपातल्या चाचणीघरांत नळी विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहत आणि जी टिकली तिच्यावर ठसा मारत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ चं. मुकुटाखाली एकमेकांवर आडवे राजदंड असतील तर नळी बर्मिंगहॅमची. लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं असतील तर ती बेल्जियमच्या लिएजची, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरची. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२ आणि खाली सी हे अक्षर असेल तर ब्रिटिश नळी साधारण १८८७ ते १९२५ मधली. ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द १८७५ ते १८८७ या काळातल्या, तोंडाशी आवळत नेलेल्या नळ्यांवर सापडतात. अशा नळीतून छर्रे सोडायचे, गोळी नाही. आणि आपण सहज म्हणतो तो ‘बारा बोर’ म्हणजे एका पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कोरलेल्या नावावर मात्र लगेच भरवसा ठेवू नये. तिथे कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा कंपनीचं नाव असलं तरी ते बहुधा विकणाऱ्याचं असतं, घडवणारे हात बर्मिंगहॅमचे असतात. (याच रॉडा कंपनीच्या मालातून बंगालच्या क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी ५० माउझर पिस्तुलं पळवली होती.) घोडे बाहेर आहेत म्हणजे बंदूक फार जुनी, हेही खरं नाही. आत लपलेल्या घोड्यांची अँसन आणि डीली यांची रचना १८७५ ची आहे, पण बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका बेल्जियममध्ये विसाव्या शतकातही बनत होत्या. घोडा पडल्यावर आपोआप किंचित मागे येऊन थांबत असेल, तर त्या कळीचं पेटंट स्टँटन यांनी १८६७ मध्ये घेतलं होतं, हे लक्षात ठेवायचं.

आता नळीच्या अंगावरची नक्षी. तपकिरी नळीवर बारीक लहरी किंवा गुलाबाच्या पाकळ्यांसारखी वळणं दिसली, तर ती दमास्कस नळी. तिचा दक्षिण भारतातल्या प्रसिद्ध वुट्झ पोलादाशी गोंधळ करू नये. तिथे नक्षी मुशीत थंड होणाऱ्या पोलादातून उमटते. इथे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या तापवून एकजीव करत, आपल्याकडे चऱ्हाटाला पीळ देतात तसा त्यांना पीळ देत, असे दोन-तीन पीळ शेजारी शेजारी जोडून पट्टी बनवत आणि ती गजाभोवती गुंडाळून घणाने पुन्हा जोडत. लिएजजवळच्या वेस्द्र नदीच्या खोऱ्यात हा धंदा घरोघर चाले आणि तिथल्या नळ्या बर्मिंगहॅमलाही जात. साध्या पोलादी नळीवर नक्षी नुसती वरून उमटवलेला स्वस्त मालही त्या काळी विकला जाई.

या जोडकामातच धोका दडलेला आहे. जोडाच्या फटीत घणाखाली अडकलेला मळ राहिलेला असू शकतो आणि गंज त्या रेषेने आत शिरतो. बाहेरून काही कळत नाही. त्यात या बंदुका काळ्या दारूसाठी घडवलेल्या: सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. आजच्या काडतुसांतल्या धूररहित दारूची वेगळी चाचणी ब्रिटनमध्ये १८९६ पासून सुरू झाली आणि ‘नायट्रो प्रूफ’ हे शब्द तेव्हापासून दिसू लागले. बऱ्याच जुन्या नळ्यांत काडतुसाचं घर ६५ मिलिमीटर लांबीचं असतं, आजची सर्वसाधारण काडतुसं ७० मिलिमीटरची. लांब काडतूस त्यात बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: रानडुकरांनी कितीही हैराण केलं तरी ही बंदूक शेताच्या राखणीला बाहेर काढू नये.

गंजाचं रसायन समजून घेतलं तर अर्धं काम सोपं होतं. लाल गंज भुसभुशीत असतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, सुटून पडतो आणि खालचं लोखंड उघडं टाकतो. पण नळीवरचा तो सुंदर तपकिरी किंवा काळा रंग हाही गंजच आहे, कारागिराने मुद्दाम चढवलेला. तो नळीवर सौम्य आम्ल लावून पातळ गंज येऊ देई, सुटा थर ब्रशने झाडे आणि हे पुन्हा पुन्हा करे. उकळत्या पाण्यात बुडवल्यावर लाल गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं आणि तो थर धातूला घट्ट चिकटून राहतो. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटांनी गंजतात, म्हणून तर दमास्कसची नक्षी दिसते. पॉलिश पेपरला यातला कुठला गंज ठेवायचा ते कळत नाही. तो नक्षी घालवतो, ठसे बुजवतो आणि आधीच पातळ असलेली भिंत आणखी पातळ करतो. त्याऐवजी लाल डागांवर हलकं मशीनचं तेल काही दिवस मुरू द्यावं आणि पितळी पट्टीच्या कडेने गंज अलगद खरवडावा. पितळ लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही.

नळीच्या आतला मळ वेगळाच. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर मिठासारखा क्षार मागे राहतो आणि हवेतली ओल ओढतो. घासलेट किंवा तेल कितीही फिरवा, हा क्षार त्यात विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं. जुने शिकारी नळीतून उकळतं पाणी ओतत ते याचसाठी. नळी पाण्याच्या उष्णतेनेच वाळते आणि मग तेलाचा पातळ हात फिरवायचा.

नवा रंग चढवण्याचा मोह झालाच, तर कारखान्यातल्या गरम क्षाराच्या कुंडात दुनळी बुडवू देऊ नये. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात आणि तो तीव्र क्षार हा डाख खाऊन टाकतो. डाख शाबूत आहे का हे पाहण्याची जुनी युक्ती आहे: नळ्या टांगून लाकडाने हलकेच ठोकायच्या. घंटेसारखा नाद आला तर जोड चांगला, बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे.

दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, बहुधा अक्रोडाचा असतो. पोचे आले असतील तर ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. लोखंडाजवळचं लाकूड काळं आणि मऊ पडलेलं दिसतं ते तेल झिरपून. तिथे खडूची पूड लावून ठेवली की ती तेल हळूहळू शोषून घेते. वरून द्यायला विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या तेलासारखं दुसरं काही नाही. त्यातल्या लिनोलेनिक आम्लाचे दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही, चिकट राहून धूळ धरतं. हात मात्र अगदी पातळ द्यावा आणि पुढचा हात आधीचा पूर्ण वाळल्यावरच. वाळण्याच्या या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्याच्या उन्हात तर हा धोका आणखी वाढतो. ती पाण्यात भिजवून, मोकळी पसरून वाळवावीत आणि मगच टाकावीत.

काम झालं की बंदूक चामडी किंवा लोकरी खोळीत गुंडाळून ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. कुलूपबंद कपाटात ती नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेवली तर जादा तेल दस्त्यात न जाता खाली निथळतं. मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा कपाट उघडून नळ्यांवर तेलाचं फडकं फिरवलं की पुरे.