ऐंशी अधिक शून्य, भागिले दोन

दहावीच्या वर्गात मी दरवर्षी एकच प्रश्न टाकतो. ८० अंश सेल्सिअसचं १०० ग्रॅम पाणी घेतलं आणि त्यात शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ घातला. बर्फ पूर्ण वितळला की तापमान किती? हात भराभर वर जातात. चाळीस! एखादी सावध मुलगी पस्तीस म्हणते. सगळी उत्तरं मी फळ्यावर लिहून ठेवतो. चूक की बरोबर, ते सांगत नाही.

बर्फाची आम्हाला ददात नाही. शाळा मालवणच्या बाजूची, बऱ्याच मुलांच्या घरी होडी. बंदरावर बर्फाच्या लाद्या यंत्रात फोडतात, तिथून कुणीतरी थर्माकोलच्या पेटीत चुरा घेऊन येतो. मग लागतात थर्माकोलचे ग्लास, वजनकाटा आणि थर्मामीटर. पाणी तापवायची शेगडी मी स्वतःकडे ठेवतो, कारण ऐंशी अंशाचं पाणी हातावर सांडलं तर कातडी सोलून निघते.

बर्फ पडतो, मुलं ढवळतात, पारा घसरतो. चाळीस मागे पडतात, वीस, दहा... आठाच्या आसपास तो थांबतो.

"सर, थर्मामीटर बिघडलो."

दुसरा थर्मामीटर. तोही आठ. वर्ग गप्प होतो, आणि मला हवी असते ती हीच वेळ. व्याख्या आधी सांगून टाकली की हे कोडं पडतच नाही.

१ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशाने बदलायला १ कॅलरी लागते. पण शून्य अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी करायला तब्बल ८० कॅलरी खर्ची पडतात. ही उष्णता पारा वर न्यायला जात नाही. बर्फात एकमेकांना जखडून बसलेले रेणू सोडवण्यातच ती संपते. गरम पाण्याने ऐंशी अंश उतरून जे काही दिलं, ते सगळं बर्फाने नुसतं वितळण्यात खाल्लं. हिशेबाने उत्तर येतं शून्य. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ही लपलेली उष्णता मोजली. तिलाच पाठ्यपुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात.

मग आमचे आठ कसे आले? मी गप्प राहिलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वडील ट्रॉलरवर खलाशी, पेटीत हात घालून म्हणाला, "बर्फ ओलो आसा. पुसून घेया." फडक्यावर बर्फ टिपून पुन्हा वजन केलं, तर पारा तीनापर्यंत उतरला. बर्फाला चिकटलेलं पाणी आम्ही बर्फ म्हणून तोलत होतो! १०० ग्रॅममध्ये १० ग्रॅम जरी आधीच वितळलेलं असेल, तरी उत्तर चार अंशांनी वर जातं. उरलेले तीन अंश? थोडी ओल राहिलीच असणार, आणि ग्लास नि कोकणची हवाही फुकट उष्णता पुरवत असतात.

त्याच्या घरचा हिशेब आम्ही तिथेच मांडला. मासळीचं बहुतेक वजन पाण्याचंच. १ किलो बांगडा तीस अंशांवरून शून्याजवळ आणायला साधारण २५ हजार कॅलरी काढून घ्याव्या लागतात आणि १ किलो बर्फ वितळताना ८० हजार ओढतो. म्हणजे कागदावर किलोभर बर्फात तीन किलो मासळी गार व्हावी. प्रत्यक्षात आपल्याकडच्या उष्ण हवेत किलोला किलो बर्फ घालायला सांगतात, कारण होडीच्या खणाच्या फळ्यांतून बाहेरची उष्णता आत येतच राहते. तीही बर्फालाच गिळावी लागते.

उलटा प्रवास, म्हणजे द्रव गोठताना, दाखवायला पूर्वी नॅप्थॅलिन वापरायचे. ते ८० अंशांना वितळतं, वेळ-तापमानाच्या आलेखात छान सपाट रेघ देतं, पण त्याची वाफ बंद खोलीत मुलांच्या नाकात जाऊ द्यायची मला हौस नाही. मी मुठेल आणायला सांगतो. कोकमाच्या बियांचं हे तूप, पायांच्या भेगांना लावायला बहुतेक घरांत असतं. ते चाळिशीच्या आसपास वितळतं, त्यामुळे परीक्षानळी कडकडीत पाण्यात बुडवली की काम भागतं.

त्याची रेघ नॅप्थॅलिनइतकी सपाट येत नाही. खोबरेल तेलाची तर सरळ तिरकीच येते, कारण त्यात नाना तऱ्हेचे स्निग्ध रेणू असतात आणि प्रत्येकाची वितळायची वेळ निराळी. मुठेलात एकाच प्रकारच्या रेणूचा भरणा जास्त, म्हणून ते जरा शिस्तीत वागतं. मुलं "आलेख चुकला" म्हणून खोडरबर काढतात, तेव्हा मी वही हिसकावून घेतो. शुद्ध पदार्थ एकाच ठरावीक तापमानाला वितळतो, मिश्रण रेंगाळतं. रसायनशास्त्रज्ञ द्रवणांक, म्हणजे वितळायचं तापमान, बघून शुद्धता ताडतात, ते याच जोरावर.

यंदा एका गटाचं मुठेल गार होईना, म्हणजे गार झालं पण गोठेना. नळी रिकाम्या बाटलीत उभी, बाटली गार पाण्यात, पारा तिशीच्या खाली, तरी आत स्वच्छ पिवळसर तेल. एका मुलीने नखाने घट्ट मुठेलाचा कण खरवडला आणि आत टाकला. "विरजण लावलंय," म्हणाली.

कणाभोवती पांढरी धूसर वाढत गेली. बाटली अजून गार पाण्यातच होती आणि पारा हळूहळू वर चढायला लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पेटीतल्या उरलेल्या बर्फाकडे, आणि म्हणाली, "सर, हे मुठेल घेतलेलं परत देतंय."