पार्श्वभूमी : दारातला कचरा, थेट पैसे आणि भंगारावरचा हक्क

पुण्यातली बरीच घरं कचरावेचक ताईंच्या हातात थेट महिन्याचे पैसे देतात आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून येणारी कमाईही ताईंचीच. ही व्यवस्था महापालिका आणि वेचकांची सहकारी संस्था यांच्यातल्या २००८च्या करारातली. कराराची मुदत संपत आली, की ठेकेदाराला काम द्यायची भाषा सुरू होते.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेल्या अनेक दलित कुटुंबांनी इथे कागद, काच, पत्रा वेचून पोट भरलं. १९९३मध्ये वेचकांची संघटना उभी राहिली, पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. खरा पेच २०००च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी आणला. दारोदार कचरा गोळा करणं बंधनकारक झालं. म्हणजे कुंड्या जाणार आणि कुंडीवर जगणाऱ्यांच्या आधी गाडीवाला माल उचलणार.

त्यातून वेचकांचीच सहकारी संस्था करून तिला दारावरचं काम द्यायचं ठरलं. व्यवस्थापन आणि साधनांचा खर्च महापालिकेचा, पण मेहनताना नागरिकांकडून. वाद आहे तो इथेच. मिळकतकर भरल्यावर वेगळे पैसे का, असं घरमालक विचारतात. ताईंच्या बाजूनेही प्रश्न आहेच: चार घरांनी पैसे थकवले तर तूट त्यांनीच सोसायची, आजारी पडलं तर बदली माणूस त्यांनीच शोधायचा. पगार असता तर हे टळलं असतं. मात्र ठेक्यातल्या पगारात भंगार ठेकेदाराचं होतं, आणि भंगारावरचा हक्क हीच या बायकांची मूळ कमाई. दुपारी पार्किंगच्या कोपऱ्यात दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पुठ्ठा वेगळा करताना हात जे ओळखतात, त्यालाच भाव मिळतो. ओल्यात मिसळून भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव दुकानात पडतो. म्हणून घरातच ओला-सुका वेगळा करून देणं हा त्यांच्या मजुरीचा प्रश्न आहे. तो नुसत्या स्वच्छतेच्या खात्यात टाकणं मला चुकीचं वाटतं.

दरम्यान पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांनी तिथल्या कचरा डेपोवर जाणाऱ्या गाड्या वारंवार अडवल्या. शहराचा उकिरडा आपल्या विहिरींजवळ का, हा त्यांचा सवाल रास्तच होता. वेचकांनी वेगळं काढलेलं प्रत्येक पोतं तिथे जायचं वाचत होतं. महापालिकेचा वाहतुकीचा खर्चही तेवढाच वाचतो.

२०१६च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी वेचकांना सामावून घेण्याचं बंधन घातलं आणि घरांकडून घ्यायच्या शुल्कालाही आधार दिला. तरी २०२० अखेर करार संपल्यावर काम काही काळ मुदतवाढीवर चाललं. २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं महापालिकेच्या हद्दीत आली. तिथल्या नव्या सोसायट्यांच्या दारात ठेकेदाराची गाडी आधी पोहोचते की ताईंची ढकलगाडी, यावर आता सगळी ओढाताण आहे.