हाउस अ‍ॅड आणि फॉलबॅक: रिकामी जागा भरतं कोण?

छापील अंकात जाहिरात आली नाही, तर जागा भरायचे दोन मार्ग असत. जाहिरात विभाग आपल्याच दिवाळी अंकाची जाहिरात पाठवून द्यायचा, किंवा उपसंपादक एखादं पानपूरक लावायचा. वाचकाला दोन्ही सारखंच, पान भरलेलं दिसायचं. हिशेबाच्या वहीत मात्र फरक पडायचा, कारण पहिली जागा जाहिरातीची म्हणून लागायची आणि दुसरी मजकुराची.

वेबसाइटवरच्या हाउस अ‍ॅड (आपल्याच घरची जाहिरात) आणि फॉलबॅक (जाहिरात आली नाही तर तिच्या जागी दाखवायचा आपला मजकूर) यांच्यात नेमका हाच फरक आहे.

हाउस अ‍ॅड ही अ‍ॅड सर्व्हरच्या, म्हणजे कुठल्या जागेत कोणती जाहिरात जायची ते ठरवून ती पाठवणाऱ्या यंत्रणेच्या, आत राहते. गूगल अ‍ॅड मॅनेजर या अ‍ॅड सर्व्हरमध्ये लाइन आयटमचा (कोणती जाहिरात कधी, कुठे दाखवायची याच्या नोंदीचा) 'हाउस' असा वेगळा प्रकारच आहे. त्याची नेहमीची प्रायॉरिटी 16, म्हणजे सगळ्यांत शेवटची (आकडा लहान तितका नंबर आधी; स्पॉन्सरशिपची 4 असते). पैसे देणारं कोणी मिळालं नाही की सर्व्हर ही जाहिरात पाठवतो. तारखा, शहर, एका माणसाला किती वेळा दाखवायची, सगळं तिथेच ठरवता येतं आणि किती जणांना दिसली तेही रिपोर्टात येतं. सर्व्हरच्या लेखी ती जागा भरलेली असते.

फॉलबॅक तुमच्या पानात राहतो. सर्व्हरने हात वर केल्यावरच त्याची पाळी येते. रिपोर्टात ती जागा रिकामीच लागते, आणि फॉलबॅकवर किती क्लिक आले ते तुम्हाला तुमच्या अ‍ॅनॅलिटिक्समध्ये मोजावं लागतं.

दोन्ही लावले आणि फॉलबॅक कधी दिसलाच नाही, तर तो बिघडलाय असं समजू नका. हाउस अ‍ॅड आली म्हणजे जागा रिकामी राहिलीच नाही. उलटही होतं. हाउस अ‍ॅडचं चित्र फक्त 300×250 मापाचं असेल आणि वरच्या पट्टीची जागा 728×90 असेल, तर माप जुळत नाही म्हणून ती येत नाही. हाउस अ‍ॅड लावूनही पट्टी कोरी का, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

अ‍ॅड सर्व्हर न वापरता फक्त अ‍ॅडसेन्सचा (गूगलच्या जाहिरातसेवेचा) कोड लावलेल्या छोट्या साइटसाठी फॉलबॅकच सरळ. माझी पाककृतींची साइट अशीच आहे. अ‍ॅडसेन्स आपल्या इन्स टॅगवर (पानाच्या कोडात जाहिरातीची जागा दाखवणाऱ्या टॅगवर) 'डेटा-अ‍ॅड-स्टेटस' नावाचं अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे एक खूण, लावतो: जाहिरात आली तर 'फिल्ड', नाही आली तर 'अनफिल्ड'. त्या टॅगमध्ये आधीच आपली लिंक ठेवायची, सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी) लपवायची आणि 'अनफिल्ड' दिसताच उघड करायची. जावास्क्रिप्टची एक ओळही लिहावी लागत नाही.

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. त्याच टॅगवर 'डेटा-अ‍ॅड्सबायगूगल-स्टेटस' असंही एक अ‍ॅट्रिब्यूट असतं आणि त्यात 'डन' येतं. मी ते 'जाहिरात आली' असं वाचलं आणि सगळा नियम त्यावर बांधला. चौकट कोरी, तरी 'डन'. त्या 'डन'चा अर्थ एवढाच, की कोडने त्या टॅगचं काम उरकलं. जाहिरात मिळाली की नाही, हे ते सांगतच नाही. नियम 'डेटा-अ‍ॅड-स्टेटस'वर आणला आणि त्या चौकटीत उपवासाच्या थालीपीठाची लिंक दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

अ‍ॅड ब्लॉकरचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे जाहिरात आणणारी स्क्रिप्टच येत नाही, म्हणून 'अनफिल्ड'ही येत नाही. हाउस अ‍ॅड नाही आणि वर सांगितलेला फॉलबॅकही नाही. त्या वाचकांनाही काही दिसावं असं वाटत असेल तर नियम उलटा लिहा. फॉलबॅक इन्स टॅगच्या बाहेर, शेजारी ठेवा, सुरुवातीपासून दिसू द्या आणि 'फिल्ड' आलं तरच लपवा. 'अनफिल्ड' आलं तर इन्स लपवा. (बाहेर अशासाठी, की बरेच ब्लॉकर तो टॅगच लपवतात.) मात्र असा फॉलबॅक जाहिरात येईपर्यंत क्षणभर सगळ्यांनाच दिसतो, म्हणून मी त्यात जड चित्र न घालता दोन ओळींचा मजकूर ठेवते.

रिकामी जागा मिटवून टाकणं हा तिसरा मार्ग मला फारसा पटत नाही. पानाच्या तळाशी ठीक आहे. पण वाचक साहित्याची यादी वाचतोय आणि वरची 250 पिक्सेलची चौकट अचानक नाहीशी झाली, तर ओळी उडी मारतात. 'एक चमचा' वाचत होता तो थेट 'मंद आचेवर' पोचतो. गूगल ही उडी सीएलएस या आकड्यात मोजतं आणि 0.1 किंवा त्याहून कमी असेल तरच चांगलं म्हणतं. चौकटीची उंची आधीच राखून ठेवायची आणि जाहिरात असो वा फॉलबॅक, ती तेवढीच ठेवायची. वाचकाची ओळ हलत नाही, हे मला कुठल्याही रिपोर्टापेक्षा मोठं वाटतं.

चौकटीवर 'जाहिरात' अशी पट्टी लावत असाल, तर फॉलबॅक दिसताना ती पट्टीही गेली पाहिजे. थालीपीठाची कृती जाहिरात नाही, आणि वाचकाने ती तशी समजून टाळली तर फॉलबॅक लावण्यात अर्थच उरत नाही. हाउस अ‍ॅडवर मात्र पट्टी राहू द्या. ती जाहिरातच आहे, फक्त आपल्या घरची.