डोंगरावरच्या रिपीटरने कुणाचं ऐकायचं?

वाळपईच्या पुढे सत्तरीच्या डोंगरांत शिरलं की हातातल्या वॉकीटॉकीचा आवाज बघता बघता तुटायला लागतो. या सेटच्या व्हीएचएफ रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच बोलणं त्याच क्षणी, जास्त ताकदीने, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो. हौशी वायरलेसच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यात या दोहोंत ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवायची पद्धत आहे. पूर्वी फ्रिक्वेन्सी बदलायची तर सेट उघडून क्रिस्टल बदलावा लागे. आता लॅपटॉपला केबल जोडली की काम होतं.

गोव्यात मात्र फ्रिक्वेन्सी बरोबर भरून भागत नाही, कारण शेजारी समुद्र आहे. पावसाळ्याआधीच्या उन्हाळ्यात जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा समुद्रावरच्या दमट, गार हवेवर पसरते. या दोन थरांच्या सीमेवर लहरी खाली वाकतात आणि पाण्याला धरून शेकडो किलोमीटर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटले होते, ते यामुळेच. अशा दिवसांत त्याच फ्रिक्वेन्सीवरचं दूरच्या बंदरातलं बोलणं आपल्या रिपीटरला ऐकू येतं, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे ते साऱ्या खोऱ्यात ऐकवत बसतो.

यावरचा उपाय सॉफ्टवेअरच्या एका छोट्या चौकटीत आहे: टोन. आपला सेट बोलण्याखाली सतत एक हलका, खोल स्वर पाठवतो, समजा ८८.५ हर्ट्झचा. हे स्वर साधारण ६७ ते २५४ हर्ट्झच्या दरम्यान असतात. ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज स्पीकरपर्यंत जाण्याआधीच गाळला जातो, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही. रिपीटर तो ओळखतो आणि तेव्हाच उठतो. परक्या सेटवर तो टोन नसेल, तर रिपीटर गप्प राहतो.

इतका खोल स्वर ओळखायला सेकंदाचा काही भाग लागतो. बटण दाबल्या दाबल्या बोलायला सुरुवात केली, तर पहिला शब्द गिळला जातो. 'दोन जखमी आहेत' मधला 'दोन' गेला, तर रुग्णवाहिका एकच येईल. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. ही सवय प्रत्येकाला लावायलाच हवी, असं मी आग्रहाने सांगेन. टोनला एक मर्यादाही आहे. आपला आणि परका संदेश एकाच वेळी आले, तर हे सेट ज्या एफएम पद्धतीने बोलतात तिच्यात जास्त ताकदीचा जिंकतो, तिथे टोन काही करू शकत नाही.

केबल जोडल्यावर आधी सेटमधली जुनी फाइल वाचून घ्यावी आणि तारीख घालून जपून ठेवावी. बदल त्यानंतर. कोरी फाइल थेट लिहिली, तर आधीचे सगळे चॅनल पुसले जातात. लिहिणं अर्ध्यात तुटलं, तर सेट अडकू शकतो, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी भरलेली हवी. पावसात वीज जाणं गोव्याला नवीन नाही. टाइमआउटही, म्हणजे एका दमात किती वेळ बोलता येईल याची मर्यादा, भरावा, कारण गाडीच्या सीटखाली बटण दाबलं गेलेला एक माइक सगळ्यांचा चॅनल अडवून ठेवतो.

फ्रिक्वेन्सी मात्र परवान्यात असेल तीच भरायची, आणि ती बदलली तर डुप्लेक्सरचे, म्हणजे रिपीटरचं ऐकणं आणि बोलणं एकमेकांपासून वेगळं ठेवणाऱ्या गाळणीचे, धातूचे डबेही हाताने नव्याने ट्यून करायचे. ते लॅपटॉपचं ऐकत नाहीत. विसरलात तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो.

शेवटी खाली खोऱ्यात उतरून, टोन बंद केलेल्या सेटवरून मुद्दाम हाक द्यावी. रिपीटर उठता कामा नये.