सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन: बिघाडांच्या मुळाशी असलेला सव्वाशे वर्षांचा इतिहास

सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन दुरुस्त करणारा जाणता कारागीर बंदूक हातात घेतल्यावर दोन गोष्टी आधी विचारतो. ही कोणत्या शक्तीवर चालते, आणि तुम्ही हिच्यात कोणती काडतुसं घालता? बाकीचं पुढे. कारण या बंदुकीला रिकामं काडतूस बाहेर फेकायला आणि नवं आत घ्यायला लागणारी ताकद उडालेल्या बारातूनच मिळते. बार कमी-जास्त ताकदीचा असला की यंत्राची चालही बदलते. रायफलीत हा फरक बेताचा असतो, पण शॉटगनमध्ये तो प्रचंड आहे. एकाच १२ बोअरच्या नळीतून ऑलिंपिक नेमबाजीचं २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस उडतं आणि शिकारीचं ६० ग्रॅमच्या वरचंही. दोन्ही काडतुसांवर एकच यंत्र बिनतक्रार चालवायचं, हा या बंदुकीपुढचा मूळ प्रश्न आहे. तिच्या इतिहासातलं जवळपास प्रत्येक वळण या प्रश्नाच्या कुठल्या ना कुठल्या उत्तरातून आलेलं आहे आणि आज दुरुस्तीच्या टेबलावर येणारे बिघाडही तिथूनच आलेले आहेत.

काळ्या दारूच्या जमान्यात अशी बंदूक टिकलीच नसती. काळी दारू जळली की मागे जाड काजळी उरते आणि थोड्याच बारांत सरकते भाग अडकू लागतात. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली. तरी अडचणी होत्याच. त्या वेळची काडतुसं कागदी पुठ्ठ्याची असत. दमट हवेत ती फुगत आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, घट्ट बसत. बारामागे उरणारा दाबही रायफलीच्या मानाने फार कमी. आजच्या १२ बोअरच्या साध्या काडतुसाची कमाल मर्यादा साधारण ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आहे, तर बऱ्याचशा आधुनिक रायफलींची त्याच्या चार-पाच पट. एवढ्या कमी आणि अनिश्चित ताकदीवर यंत्र चालवायचं होतं.

हे काम यूटामधल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी केलं. वायूवर शस्त्र चालवण्याची कल्पना त्यांना अपरिचित नव्हती. १८९५ ची कोल्ट मशीनगन त्यांचीच आणि ती वायूवरच चालत असे. शॉटगनसाठी मात्र त्यांनी धक्क्याची वाट धरली. १९०० साली पेटंट मिळालेल्या त्या रचनेत बार उडाल्यावर नळी आणि बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग) एकमेकांना जखडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत मागे जातात. तिथे दोघं सुटतात. नळी आधी पुढे परत येते आणि रिकामं काडतूस मोकळं होऊन बाहेर पडतं. मग बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. यालाच लाँग रिकॉइल म्हणतात.

ब्राउनिंग आणि विंचेस्टर कंपनी यांचं १८८३ पासूनचं नातं होतं. ते रचना करत, कंपनी एकरकमी विकत घेई. या बंदुकीसाठी त्यांनी पहिल्यांदा विक्रीवर रॉयल्टी मागितली आणि विंचेस्टरचे टी. जी. बेनेट यांनी नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेले. जानेवारी १९०२ मध्ये कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठी ते थांबले असतानाच हार्टली हृदयविकाराने वारल्याची बातमी आली. शेवटी त्यांनी बेल्जियम गाठलं, आणि हर्स्टलच्या एफएन कारखान्याने बंदूक तयार केली. पाठीवरच्या चौकोनी उंचवट्यामुळे लांबून ओळखू येणारी हीच ती ऑटो-५. रेमिंग्टननेही १९०५ पासून परवाना घेऊन ती अमेरिकेत काढली आणि पुढे तिला मॉडेल ११ हे नाव पडलं.

हलक्या-जड बारांच्या प्रश्नाला ब्राउनिंग यांनी दिलेलं उत्तर मला आजही या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं. पुढच्या लाकडाखाली मॅगझिन ट्यूबभोवती, म्हणजे पुढची काडतुसं ठेवायच्या नळकांड्याभोवती, नळीची जाड स्प्रिंग असते. तिच्या जोडीला ट्यूब आवळून धरणारा ब्राँझचा चिरलेला तुकडा आणि एका बाजूने तिरपी घासलेली पोलादी कडी. जड काडतुसं वापरायची असतील तर कडी स्प्रिंगच्या पुढच्या टोकाला, तिरपी बाजू ब्राँझकडे करून बसवायची. मग ब्राँझ ट्यूबला जास्त आवळतो आणि नळीचा वेग मोडतो. हलकी काडतुसं असतील तर तीच कडी मागे, स्प्रिंग आणि रिसीव्हर (यंत्र बसतं तो बंदुकीचा मधला धातूचा भाग) यांच्या मध्ये. तिथे ती नुसती बसून राहते आणि घर्षण कमी होतं. कुठलंही हत्यार लागत नाही, वाचायला कुठला आकडा नाही.

अडचण एवढीच की ही माहिती बंदुकीसोबत पुढच्या पिढीकडे जातेच असं नाही. आजोबांनी जड काडतुसांसाठी कड्या लावल्या, नातवाने हलकी काडतुसं घातली, की रिकामं काडतूस अर्धवट अडकतं. तो बंदुकीत दोष आहे असं समजतो आणि स्प्रिंग कापायच्या किंवा बदलायच्या मागे लागतो. याच्या उलट जास्त वाईट. कड्या हलक्यासाठी आणि बार जड, की नळी मागे जाऊन आपटते, खांद्याला धक्का बसतो आणि पुढच्या लाकडाला तडे जातात. जुन्या ऑटो-५ च्या पुढच्या लाकडाला पडलेली चीर पाहिली की आधी कड्या तपासाव्यात. दुसरा नेहमीचा घोटाळा तेलाचा. काळजी घ्यायची म्हणून मॅगझिन ट्यूब तेलाने माखली जाते आणि ज्या घर्षणावर सगळी भिस्त, तेच नाहीसं होतं. तिथे तेलाचा पुसट हात पुरतो. तिसरी जागा सहसा कुणी उघडत नाही, ती म्हणजे दस्त्याच्या आतली नळी. तिच्यात बोल्टला पुढे ढकलणारी स्प्रिंग असते. दस्ता काढल्याशिवाय ती दिसत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचा ओलावा आणि चिकट झालेलं तेल तिथे साचून राहतं आणि बोल्ट आळशी होतो.

विंचेस्टरला ब्राउनिंग यांना परतवून लावल्याची किंमत मोजावी लागली. पेटंटांना बगल देऊन टी. सी. जॉन्सन यांनी कंपनीसाठी १९११ चं मॉडेल एसएल बनवलं. त्यात बोल्टला ओढायचा दांडा नव्हता, कारण ती सोय ब्राउनिंग यांच्या पेटंटात होती. त्याऐवजी नळीवर खरबरीत पट्टा कोरला होता, तो धरून नळीच मागे ढकलायची. फुगलेलं कागदी काडतूस अडकलं की काही जण दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड नळीसमोर आलेलं असताना तिला खाली दाबत. अशाने अपघात झाले आणि बंदुकीला ‘विडोमेकर’, म्हणजे विधवा करणारी, हे नाव चिकटलं. धक्का झेलायला आत ठेवलेल्या तंतुमय चकत्याही काळाने कुजतात आणि मग दस्ता फुटतो किंवा रिसीव्हरला चीर जाते. १९२५ मध्ये उत्पादन थांबलं. आज कुणाच्या घरी ही बंदूक निघाली तर तिच्यातून बार काढण्यापेक्षा ती जपून ठेवावी, असंच मी सांगेन.

ब्राउनिंग यांची रचना पुढची जवळजवळ 50 वर्षं मानदंड राहिली. पेटंटांची मुदत संपल्यावर सॅव्हेजने मॉडेल ७२० काढलं. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं तेव्हा ब्राउनिंग कंपनीसाठी ही बंदूक रेमिंग्टनने बनवली. अमेरिकी हवाई दलाने विमानातल्या तोफचींना हलत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरायला शिकवलं तेही याच प्रकारच्या बंदुकांवर. इटलीत फ्रांकीने ४८/एएल मध्ये तेच तत्त्व हलक्या वजनात बसवलं.

बंदुकीत फेरफार करायची हौसही याच काळात वाढली. एक दिशा कायद्याने दिली. १९३५ पासून अमेरिकेत स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीला एका वेळी तीनच काडतुसांची मर्यादा आली आणि पाच काडतुसांच्या बंदुकीच्या मॅगझिनमध्ये लाकडी दांडी घालायची पद्धत पडली. जुनी बंदूक विकत घेणाऱ्याला दोनापलीकडे काडतूस ट्यूबमध्ये जात नाही म्हणून बिघाड वाटतो, तो पुष्कळदा या दांडीचा प्रताप असतो. त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या शस्त्र कायद्यामुळे १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनला नोंदणी बंधनकारक झाली, तेव्हा नळी कापणं हा घरगुती उद्योग राहिला नाही. दुसरी दिशा हौशी नेमबाजांची. नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा कट्स कॉम्पेन्सेटर किंवा छऱ्यांचा फैलाव कमी-जास्त करणारा पॉलिचोक बसवायची लाट आली. लाँग रिकॉइलमध्ये नळीच हलत असते, त्यामुळे टोकाला लावलेलं वजन धक्क्याबरोबर मागे-पुढे जातं आणि यंत्राची चाल बदलते. अशी नळी आली की कड्यांची मांडणी नव्याने जुळवून पाहावी लागते.

मग वायूचा काळ आला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर हाय स्टँडर्डने सिअर्स दुकानांसाठी बनवलेली जे. सी. हिगिन्स मॉडेल ६० आणि १९५६ ची रेमिंग्टन मॉडेल ५८ अशा बंदुका बाजारात आल्या. मॉडेल ५८ मध्ये मॅगझिनच्या टोपणावर हलक्या आणि जड बारांसाठी फिरवायची खूण होती, म्हणजे निवड अजून मालकाकडेच होती. खरी उलथापालथ १९६३ च्या रेमिंग्टन ११०० ने केली. नळीला छोटी छिद्रं, त्यातून आलेला वायू मॅगझिन ट्यूबभोवतीच्या पिस्टनला मागे ढकलतो. नळी जागची हलत नाही आणि धक्का मऊ लागतो. स्कीट आणि ट्रॅप या उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या मैदानांवर दिवसभर बार काढणाऱ्यांना हेच हवं होतं. त्यात १९६० मध्ये रेमिंग्टनने प्लास्टिकची काडतुसं आणली आणि फुगणाऱ्या पुठ्ठ्याचा जुना त्रास संपत गेला. ११०० च्या 40 लाखांहून जास्त बंदुका बनल्या.

पण दुखणं संपलं नाही, त्याची जागा बदलली. ऑटो-५ मध्ये मालकाला मांडणी समजून घ्यावी लागे, ११०० मध्ये त्याला सफाई करावी लागते. दर बारागणिक काजळी पिस्टनवर आणि ट्यूबवर बसते. वायू गळू नये म्हणून ट्यूबवर एक साधी रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली किंवा तुटली की दाब निसटतो आणि काडतूस पुरतं बाहेर पडत नाही. अनेक जण एवढ्यावरून बंदूक दुरुस्तीला पाठवतात. ती रिंग पिशवीत दोन-चार जास्तीच ठेवाव्यात. नळ्यांचा घोटाळाही ठरलेला. मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीच्या, काडतुसांसाठीच्या नळीची वायूछिद्रं कमी वायू घेतील अशी ठेवलेली असतात, त्यामुळे त्या नळीतून मैदानावरची हलकी काडतुसं उडवली तर यंत्र फिरत नाही. मग कुणीतरी छिद्र मोठं करायला ड्रिल उचलतो. हे करू नये. मोठं झालेलं छिद्र पुन्हा लहान होत नाही आणि पुढे एकदा जड काडतूस आलं की बोल्ट मागे जोरात आपटत राहतो. १९८७ च्या ११-८७ मध्ये रेमिंग्टनने जादा वायू आपोआप सोडणारी रचना घातली आणि मोठ्या चेंबरची नळी हलक्या-जड दोन्हींवर चालू लागली.

तिसरी वाट इटलीतल्या उर्बिनोची. स्वीडनच्या सोग्रेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात जडत्वावर चालणारी शॉटगन बनवली होती, पण ती फार पसरली नाही. बोलोन्याचे ब्रुनो चिव्होलानी यांनी आपल्या पद्धतीने ते तत्त्व साधलं आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बेनेलीने ते उचललं. यात बोल्टच्या डोक्यामागे एक आखूड, ताठ स्प्रिंग असते. बार उडाला की सगळी बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग आहे तिथेच राहू पाहतो आणि स्प्रिंग दाबली जाते. ती उलगडताना बोल्टला मागे फेकते. वायू आत येत नाही, म्हणून काजळी कमी आणि सफाई सोपी. १९९१ मध्ये आलेली सुपर ब्लॅक ईगल साडेतीन इंची काडतुसंही उडवू लागली.

इथलंही दुखणं रचनेतच आहे. या बंदुकीला मागे यायला मोकळीक हवी. नळीखाली दिवा, बाजूला काडतुसांचा पट्टा, वर दुर्बीण असं वजन चढवत गेलं की बंदूक पुरेशी हलत नाही आणि हलक्या बारांवर ती फिरेनाशी होते. भिंतीला किंवा पोत्याला दस्ता टेकवून उडवली तरी तेच. दुसरी तक्रार अशी की बोल्ट हळूच सोडला किंवा धक्का लागून किंचित मागे सरकला, तर फिरतं डोकं पूर्ण बसत नाही. मग चाप ओढल्यावर नुसता ‘क्लिक’ आवाज येतो. त्यावर सवय एकच, बोल्ट पूर्ण मागे ओढून झटक्यात सोडायचा. त्याला हाताने अलगद पुढे आणायचं नाही.

बेनेलीनेच पुढे अमेरिकी मरीन दलासाठी एम४ बनवली तेव्हा जडत्व सोडून दोन आखूड पिस्टनांची वायूरचना घेतली. सैनिकाच्या बंदुकीवर दिवे-दुर्बिणी चढणारच, हे लक्षात घेतलं तर हा निर्णय अगदी सरळ वाटतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली, आणि तिचा परिणाम जुन्या बंदुकांवर अजून चालू आहे. पोलादी छर्रे शिशासारखे दबत नाहीत. जुन्या बेल्जियन ऑटो-५ च्या घट्ट, न बदलणाऱ्या चोकमधून (नळीच्या तोंडाशी केलेल्या आवळपणातून) ते काढले तर नळीचं तोंड फुगू शकतं. त्यामुळे काही मालक जुन्या रिसीव्हरवर बसणारी, बदलत्या चोकची नवी नळी घेतात. उत्पादन १९७० च्या दशकात जपानच्या मिरोकूकडे गेल्यावर पुढे अशा नळ्या निघाल्या. काही जण शिशाला पर्याय म्हणून बिस्मथचे महाग छर्रे विकत घेतात, ते मऊ असतात. मूळ नळी घासून चोक मोकळा करणं हा तिसरा मार्ग, पण तो फक्त मोजमापाची साधनं असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावा. जुन्या नळीची भिंत टोकाशी किती जाड उरली आहे, ते मोजल्याशिवाय कळत नाही.