भांग, गांजा आणि चरस

कॅनाबिस सटायव्हा या एकाच वनस्पतीपासून मिळणारे तीन मादक पदार्थ. पाने वाटून होते ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, आणि फुलोऱ्यावरची राळ वेगळी काढली की चरस. हिमाचल प्रदेशात मलाणा परिसरात ओला फुलोरा तळहातांवर चोळून ही राळ जमवतात. नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) राळेत सर्वाधिक असते. मेशुलम व गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी ते १९६४ मध्ये शुद्ध रूपात वेगळे केले. महाराष्ट्रात दोरासाठी लावतात ती अंबाडी आणि ताग ही पिके निराळी. त्यांच्यात नशा नाही.

चिलमीतून ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. भांग पोटातून जाते, तिला अर्धा ते दोन तास लागतात, आणि चढली की बराच वेळ उतरत नाही. 'काहीच होत नाही' म्हणून थंडाईचा दुसरा पेला घेणारे फसतात ते इथेच. डोळे लाल होणे, तोंड कोरडे पडणे, भूक लागणे, नाडी वाढणे, वेळेचे भान सुटणे ही नेहमीची लक्षणे. काहींना आनंदाऐवजी भीती आणि संशय ग्रासतो. व्यसन लागत नाही हा समज चुकीचा आहे. कोवळ्या वयात नियमित सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो. औषधी उपयोग मर्यादित, पण खरे आहेत: केमोथेरपीतील मळमळ आणि बालपणातील काही दुर्मीळ अपस्मार यांवर या गटातील औषधे वापरतात. आयुर्वेदात 'विजया' नावाने भांग जातिफलादि चूर्णात असते.

भारतातील गांजा-भांगेच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. गांजाने वेड लागते याचा पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी पुढे केल्या जात. आयोगाने त्या तपासल्या तेव्हा कारणाचा रकाना अनेकदा अंदाजाने भरलेला आढळला. संपूर्ण बंदीची शिफारस त्याने केली नाही.

आजचा अमली पदार्थविषयक केंद्रीय कायदा १९८५ चा (एनडीपीएस). त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया वगळल्या आहेत. त्यामुळे भांग केंद्रीय कायद्याबाहेर राहून राज्यांच्या अखत्यारीत जाते. उत्तर प्रदेशात परवानाप्राप्त दुकानांत ती मिळते, महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गांजाची एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोंहून अधिक व्यापारी मात्रा मानतात. चरसासाठी याच मर्यादा १०० ग्रॅम आणि एक किलो. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. साहजिकच जप्तीत पाने, देठ आणि फुलोरा एकत्र तोलला गेला की वजनावरून न्यायालयात वाद रंगतो, आणि तो क्षुल्लक नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये कॅनाबिसला अमली पदार्थांच्या सर्वांत कडक सूचीतून काढले. भारताने बाजूने मत दिले, पण देशातला कायदा बदलला नाही.

धागा व बियांसाठी लागवडीला राज्य सरकारे परवानगी देऊ शकतात. उत्तराखंडाने २०१८ पासून असे परवाने दिले. पिकात टीएचसी ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही. परागीभवन वाऱ्याने होत असल्याने आसपासच्या रानटी झाडांचे पराग येऊन घरचे बियाणे बिघडते, आणि शेतकऱ्याला दरवर्षी प्रमाणित बियाणे शोधावे लागते.