पुरःस्थ ग्रंथीतील विकरांचे संप्रेरक-नियमन

पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या पेशींतील विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण व कार्य पुरुष संप्रेरकांच्या (हॉर्मोनांच्या), मुख्यतः टेस्टोस्टेरॉनच्या, पातळीनुसार कमीजास्त होण्याची प्रक्रिया. संप्रेरक येथे बहुधा विकराच्या रेणूला थेट चेतवत नाही. विकराच्या जनुकाचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) वाढवून ते विकर अधिक प्रमाणात तयार करवते.

या संबंधाच्या शोधाचे श्रेय सामान्यतः शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांना दिले जाते. तथापि कुचर व वोल्बर्ग्स यांनी १९३५ मध्येच मानवी पुरःस्थ ग्रंथीत आम्ल फॉस्फेटेज हे विकर विपुल असल्याचे दाखविले होते. अलेक्झांडर व एथेल गटमन यांनी १९३९ मध्ये वयात न आलेल्या ऱ्हीसस माकडांना टेस्टोस्टेरॉन प्रोपिओनेट दिले, तेव्हा ग्रंथीतील हे विकर प्रौढ माकडांइतके वाढले. हगिन्स व हॉजेस यांचे कार्य १९४१ चे. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांची टेस्टोस्टेरॉन तयार करणारी वृषणे काढल्यावर किंवा त्यांना ईस्ट्रोजेन हे स्त्री संप्रेरक दिल्यावर रक्तातील आम्ल फॉस्फेटेज उतरते, असे त्यांना आढळले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपचाराची दिशा त्यांची असली, तरी नियमनाच्या प्रायोगिक पुराव्यात गटमन यांना अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पेशीत शिरलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या चौथ्या व पाचव्या कार्बन अणूंमधील दुहेरी बंध ५-अल्फा रिडक्टेज हे विकर हायड्रोजन जोडून नाहीसा करते. त्यातून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते. ते ग्राही प्रथिनाला (संप्रेरक ज्याला जोडले जाते त्या पेशीतील प्रथिनाला) टेस्टोस्टेरॉनपेक्षा घट्ट बिलगते व सावकाश सुटते. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पुरःस्थ पेशींच्या केंद्रकात ते साठते, हे १९६८ मध्ये दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे दाखविले. या विकराचा दुसरा प्रकार प्रामुख्याने आधार-ऊतकातील (स्रावी पेशींभोवतीच्या ऊतकातील) पेशींत असल्याने स्रावी पेशींना तयार संप्रेरक बव्हंशी शेजारून मिळते.

ग्राही केंद्रकात डीएनएला जोडला गेला की पीएसएचे (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन; रक्तातील याची पातळी पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या तपासणीत मोजतात) जनुक कार्यरत होते. पीएसए स्वतः प्रथिने तोडणारे विकर असून वीर्य घट्ट ठेवणारे सेमेनोजेलिन हे प्रथिन तोडून ते वीर्य पातळ करते. ग्रंथीच्या स्रावातील भरपूर जस्त तोवर त्याला आवरून धरते. हेच जस्त सायट्रेटचे रूपांतर करणाऱ्या अकॉनिटेज या विकरालाही रोखते, म्हणून तेथे सायट्रेट साचते. जस्त साठविण्यात टेस्टोस्टेरॉनबरोबर प्रोलॅक्टिनचाही वाटा असावा.

फिनास्टेराइड हे औषध (अमेरिकेत मान्यता १९९२) ५-अल्फा रिडक्टेजचा दुसरा प्रकार रोखते. त्यामुळे साधारण सहा महिने ते वर्षभरात रक्तातील पीएसए जवळजवळ निम्मा होतो. जत-आटपाडीकडून मिरज वा सांगलीला तपासणीसाठी येणाऱ्या आजोबांची लघवीची धार बारीक झाल्याने ही गोळी आधीच चालू असेल आणि अहवालात पीएसए ३ आला, तर तो ६ च्या जवळचा धरावा लागतो. घरच्यांनी गोळ्यांची पाकिटे सोबत आणून डॉक्टरांना दाखविलीच पाहिजेत. अन्यथा वाढता कर्करोग ‘नॉर्मल’ आकड्याखाली दडून राहू शकतो. ड्युटास्टेराइड विकराचे दोन्ही प्रकार रोखते. तेथेही हीच दुरुस्ती लागू पडते.